मावळचं पाणी, मावळची करवंदी

आमच्या सोसायटीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला लागून अकरा करवंदी आहेत. गेल्या चार उन्हाळ्यांत त्यांना कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नाही. तरी मार्चमध्ये त्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात, मे उजाडला की फळं काळी पडू लागतात, आणि संध्याकाळी खेळून परतणारी मुलं भिंतीशी रेंगाळून जांभळ्या ओठांनी घरी जातात. त्याच भिंतीच्या आत वीस पावलांवर हिरवळीचा एक तुकडा आहे. त्याला मात्र रोज पाणी लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये ते टँकरने आणावं लागतं. ही दोन्ही दृश्यं रोज शेजारी शेजारी बघत होतो. त्यातून या पुस्तिकेचा विचार सुरू झाला.

करवंदी कशी लावायची, पहिली दोन वर्षं कशी जपायची, छाटणी कधी करायची, फळांचं काय काय करता येतं, हे सगळं पुढच्या पानांत आलं आहे. प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते एवढंच, की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात लावायला हेच झुडूप का निवडलं.

आधी नावाचा घोळ निस्तरू. रोपवाटिकेत गेलात तर 'गूजबेरी' हा शब्द हमखास कानावर पडतो. आवळ्याला इंडियन गूजबेरी म्हणतात, रायआवळ्याला स्टार गूजबेरी, टिपारीला केप गूजबेरी. खरी गूजबेरी थंड देशांतली. तिकडे ती घरामागच्या परसात काटेरी, आंबटगोड फळांचं झुडूप म्हणून लावतात. आपल्या डोंगरात ती जागा करवंदीची आहे. आवळा मलाही प्रिय आहे, पण तो वृक्ष आहे, त्याला ऐसपैस जागा हवी. भिंत आणि रस्ता यांच्यामधल्या तीन फुटी पट्टीत तो कोंडला जातो. करवंदी तिथे मजेत राहते.

कण्हेर, तगर, कुडा, सदाफुली यांच्या कुळातली ही वनस्पती. पान खुडलं की देठातून दुधासारखा चीक येतो, फळ कच्चं असेल तर तो ओठांना चिकटतो. रोपवाटिकेत 'करवंद' म्हणून दोन वेगवेगळी रोपं मिळतात, आणि हा फरक घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. एक मोठ्या, गुलाबीसर-पांढऱ्या फळांचं, 'कॅरिसा करंडास', ज्याची लागवड उत्तरेत बरीच होते. दुसरी आपली सह्याद्रीतली रानकरवंदी, 'कॅरिसा कंजेस्टा', बोराहून लहान, काळ्याभोर फळांची. लोणच्यासाठी पहिलं चांगलं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाचा टपोऱ्या फळांचा वाणही काढला आहे. पण पाण्याशिवाय उभी राहील, पाखरांना ओळखीची वाटेल आणि खाल्ल्यावर लहानपण आठवेल, अशी हवी असेल तर दुसरी लावा. या पुस्तिकेत करवंदी म्हटलं की तीच समजावी.

आता पाण्याकडे वळतो, कारण माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर पिंपरी, आणि इथे येईपर्यंत तो हजाराच्याही खाली उतरतो. चाकणच्या माळावर तर आणखी कमी. तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आपण धरणांवर जगतो. पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचललं जातं, निगडीत शुद्ध होतं आणि मग आपल्या टाक्यांत येतं. आता आंद्रा धरणाचं पाणीही येऊ लागलं आहे, भामा आसखेडकडे डोळे लागले आहेत. तरी नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं, ते आपण सगळ्यांनी अनुभवलं. धरणं मावळ आणि खेड तालुक्यांतली. जमिनी तिथल्या गेल्या, घरं तिथली उठली.

९ ऑगस्ट २०११ ही तारीख या शहरात फारशी कोणी काढत नाही. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून थेट शहरात आणण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला, त्यांत एक बाई होती. जलवाहिनी योग्य की अयोग्य, हा वाद इथे घालायचा नाही. पण आपल्या नळातलं पाणी कुणाच्या तरी दारावरून आलं आहे, हे त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. हिरवळीवर फवारा फिरताना बघितला की पोटात कालवतं.

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ऐन उन्हाळ्यात हिरवळ टिकवायची तर दिवसाला पाचेक मिलिमीटर तरी द्यावं लागतं. पाचशे चौरस मीटरच्या हिरवळीला, म्हणजे मध्यम आकाराच्या सोसायटीच्या बागेला, रोजचे अडीच हजार लिटर झाले. दहा हजार लिटरचा टँकर चार दिवसांत संपतो. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असं सरकारी मानक आहे; त्या मापाने ही एक हिरवळ अठरा माणसांचं पाणी पिते. एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं, पाणी वापरतो, मग बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. जिथे खरोखर वापरतात तिथे ती चांगलीच गोष्ट आहे. पण तेच शुद्ध केलेलं पाणी फ्लशच्या टाक्यांना पुरवता येतं, आणि तितकं ताजं पाणी वाचतं. पाण्याला दुसरं काम नाही असं होतच नाही.

आणि हे सगळं कशासाठी? जिच्यावर 'पाय ठेवू नये' अशी पाटी लावलेली असते, त्या गवतासाठी.

करवंदीला हा हिशेब जन्मापासून ठाऊक आहे. लोणावळ्याच्या धो धो पावसात ती उभी असते आणि चाकणच्या रखरखीत मुरमाडावरही उभी असते. इतक्या वेगळ्या दोन टोकांना एकाच ताठ मानेने राहणारी झुडपं फार नाहीत. पानं जाड, चकचकीत, चामड्यासारखी, त्यामुळे बाष्प कमी उडतं. मुळं खडकाच्या भेगा धरून खोल जातात. बारा महिने हिरवी राहते. आणि गंमत अशी, की सगळी सृष्टी होरपळलेली असते तेव्हा ती फुलते. मार्चमध्ये, दिवे लागायच्या वेळी, तिच्या शेजारी पाच मिनिटं उभं राहून बघा. फूल करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं, पाच पाकळ्यांचं, पाकळ्या चक्रासारख्या किंचित कलत्या, खाली बारीक गुलाबीसर नळी. दिवसा वास जेमतेम येतो. अंधार पडू लागला की तो मोगऱ्याच्या दूरच्या नातेवाइकासारखा पसरायला लागतो, आणि थोड्या वेळाने पतंग येतात. पानांच्या बगलेत जोडीने काटे असतात, काहींना टोकाशी पुन्हा दोन फाटे. त्या काट्यांमुळे मांजर आत शिरत नाही, म्हणून बुलबुल निर्धास्तपणे घरटं करतो. आमच्या अकरांपैकी तिसऱ्या करवंदीत दोन वर्षं सलग बुलबुलाचं घरटं होतं.

फळ पिकतं तेही नेमकं वळवाच्या तोंडावर. त्यामागे कारण आहे. करवंदीच्या बीला धीर नाही. गर निघून ती वाळली की थोड्याच दिवसांत तिची उगवण्याची ताकद ओसरू लागते. म्हणून झाड अशी वेळ साधतं की पाखराने फळ खावं, बी दुसरीकडे टाकावी, आणि आठ-पंधरा दिवसांत तिच्यावर मृगाचा पाऊस पडावा. पावसाचं वेळापत्रक इतकं तंतोतंत पाळणाऱ्या झाडाला आपण रोज नळीने पाणी पाजावं, हे काही खरं नाही.

ही गोष्ट मी मोल देऊन शिकलो. पहिल्या वर्षी आम्ही आठ रोपं लावली होती आणि त्यांच्यावरून हिरवळीचीच ठिबक नळी फिरवली. जमीन भरावाची, खाली राडारोडा, वर काळी माती, त्यात रोजचं पाणी. ऑक्टोबरपर्यंत पानं पिवळी पडली, मुळं कुजून चार रोपं गेली. उरलेल्या चारांचं पाणी तोडलं तेव्हा ती सावरली. पुढे नवी सात लावली ती मुरूम मिसळून, उंचवट्यावर. ती सगळी जगली. मग एका फेब्रुवारीत बागेची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसांनी ड्युरांटाच्या कुंपणासारखीच करवंदीही यंत्राने सपाट कापली. कळ्या धरलेले सगळे शेंडे खाली पडले होते. त्या वर्षी एक फळ लागलं नाही. त्या माणसांचा दोष नव्हता. कुंपण म्हणजे दर महिन्याला कापायची वस्तू, एवढंच त्यांना शिकवलेलं. छाटणीचं प्रकरण या पुस्तिकेत इतकं लांबलं आहे ते त्यामुळे. थोडक्यात सांगायचं तर फळं उतरली की जूनमध्ये एकदा छाटा, आणि मग वर्षभर कात्री लांब ठेवा.

पाणी अजिबातच नको, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा बादलीभर, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्याने एकदा, इतकं लागतं. त्यासाठी सच्छिद्र मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवणं ही आजीच्या काळातली युक्ती मला सगळ्यांत भरवशाची वाटते. आळ्यात पालापाचोळा टाका, तो गोळा करून जाळू नका. तिसऱ्या उन्हाळ्यापासून करवंदीला तिच्या स्वाधीन करा. फळं तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतात. लहान मुलांच्या घसरगुंडीपाशी मात्र ती लावू नये, काटा डोळ्याच्या उंचीवर येतो.

चाकणबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. १९६० साली आपलं राज्य झालं, त्यानंतर लगेचच पिंपरी-चिंचवडला औद्योगिक वसाहत आली. त्याआधी १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली होती. या शहराची माळरानं दोन पिढ्यांपूर्वीच बुजली. चाकणचं तसं नाही. तिथे बदल आमच्या डोळ्यांदेखत झाला. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्ग, कांद्याचा बाजार आणि आजूबाजूची शेतं, एवढंच चाकण ज्यांनी पाहिलं आहे अशी माणसं अजून नोकरीत आहेत. शेताच्या बांधावर करवंदी, निवडुंग, शेर अशी कुंपणं असत. मोटारींचे कारखाने आले, भूखंड सपाट झाले आणि बांधांसकट ती कुंपणं गेली. त्यांच्या जागी आली तारेची जाळी, आणि तिच्या आत फाटकापासून कचेरीपर्यंत कापलेलं गवत. चाकणच्या कारखान्यांकडे मैलोनमैल कुंपण आहे. त्यातल्या थोड्या लांबीवर जरी तारेच्या आतून करवंदी लावली, दोन-अडीच फुटांवर एक, तर पाच वर्षांत माणूस वा जनावर घुसणार नाही अशी भिंत तयार होते. बागकाम खात्यांतल्या लोकांशी मी याबद्दल बोलतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'दिसायला कशी?' मी त्यांना मार्चमधल्या संध्याकाळी आमच्या भिंतीशी यायला सांगतो.

चाकणच्या दुसऱ्या टप्प्याला लागूनच भामचंद्राचा डोंगर आहे. इकडे इंदोरीजवळ भंडारा, तिकडे जुन्या मुंबई रस्त्यावर घोरावडेश्वर. तुकोबा एकांतासाठी याच डोंगरांवर जात, अशी परंपरा सांगते. आजही तिथे चढताना पायवाटेच्या दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या लागतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात, उतारांवर प्लॉट पडतात, आणि जिथे झाडं लावली तिथे गिरिपुष्प लावलं, ज्याच्याकडे आपली पाखरं फळासाठी येत नाहीत. मोकळ्या जागी घाणेरी माजते. घाणेरीलाही लहान काळी फळं येतात, मुलांना दोन्हींतला फरक दाखवून ठेवा: घाणेरीचं फळ झुबक्यात, पान खरबरीत, चोळलं की उग्र वास, करवंदीचं पान गुळगुळीत, खुडलं की चीक. भिंतीजवळची अकरा झुडपं डोंगराची जागा घेऊ शकत नाहीत, हे मला माहीत आहे. उलट, डोंगरावरची करवंदी उपटून आणून बागेत लावायचा मोह कृपा करून टाळा. सोटमूळ तुटलं की ती जगत नाही, आणि डोंगरावरची जागाही रिकामी होते.

डोंगराची करवंदं शहरात आणणाऱ्या बायका मावळ-खेडच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांतल्या. मे महिन्यात चिंचवड स्टेशनच्या बाहेर, निगडीला भक्ती-शक्ती चौकात त्या टोपली घेऊन बसतात, पानांच्या द्रोणात करवंदं देतात. 'डोंगरची काळी मैना' ही हाक त्यांचीच. पुस्तिका लिहायला बसण्याआधी मी त्यांच्यातल्या एकीशी बराच वेळ बोलत बसलो होतो. पहाटे तीनला घर सोडलं होतं, बोटांवर काट्यांचे ओरखडे, नखं चिकाने काळी. मी विचारलं, "मावशी, आम्ही भिंतीला करवंदी लावल्या तर तुमचा धंदा बसेल का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "लावा की. तुमच्या पोरांना चव कळली तरच आमच्याकडं येतील. आता निम्मी पोरं ईचारत्यात, हे काय हाय म्हनून."

पुस्तिकेत पाककृतींची पानं आहेत ती त्यांच्या या उत्तरामुळे. कच्च्या करवंदाची हिरवी मिरची घालून चटणी, लोणचं, पिकलेल्याचं सरबत, आणि साखरेत शिजवलं तर आपोआप घट्ट धरणारी जेली, कारण फळात पेक्टिन भरपूर. बेकरीतल्या केकवर जी लालचुटूक 'चेरी' असते ती पुष्कळदा रंगवलेलं, पाकवलेलं करवंदच असतं, हे मुलांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. आणि कोंबडा की कोंबडीचा खेळ तर शिकवाच. करवंद दातांनी अर्धं तोडायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. आधी ओळखून सांगायचं आणि मग तोडायचं. आमच्या सोसायटीत बंगळूरहून आणि पाटण्याहून आलेल्या घरांतली मुलंही आता हा खेळ मराठीत खेळतात.

एकट्या करवंदीने बाग होत नाही. म्हणून शेवटच्या भागात तिच्या सोबत्यांची ओळख दिली आहे: निर्गुडी, धायटी, मुरुडशेंग, अडुळसा, कुडा. सगळी याच डोंगरांतली, सगळी आठ कोरडे महिने काढू शकणारी. ज्यांना हिरवळ ठेवायचीच आहे त्यांनी ती मुलं खेळतील तेवढीच ठेवावी.

ही पुस्तिका मे महिन्यात तुमच्या हाती पडावी, असा प्रयत्न केला आहे. रोपवाटिकेत रोप मिळालं तर उत्तम, नाही तर वाट बघू नका. टोपल्या अजून पंधरा-वीस दिवस रस्त्यावर असतील. पूर्ण काळ्या, मऊ करवंदांचे दोन द्रोण घ्या, भाव करू नका. खाताना बिया वेगळ्या काढा, त्याच दिवशी राखेत चोळून गर धुऊन टाका आणि सावलीत फडक्यावर पसरा. रात्रभर पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत मुरूम-माती-शेणखत भरून प्रत्येकीत दोन-दोन बिया बोटाच्या पेराइतक्या खोल टोचा. डब्यात भरून पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका, त्या थांबणार नाहीत.